खिडकीची होळगी

कलबुर्गी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. निलम्मावैनींना शरणु शरणार्थी.

माझ्याशी बोलणार नाही असं तुम्ही जानेवारीत सगळ्यांदेखत सांगितलंत आणि दहा महिने ते पाळलंतही. माझा फोन आला की तो अण्णाच्या हातात देता आणि मागे भांडी आपटता, तेही मला इथे ऐकू येतं. पण लिहिणार नाही, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. म्हणून हे पत्र. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवून मला पंचवीस वर्षं झाली, पण स्वतः लिहिलेलं हे बहुधा तिसरंच असेल. मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या.

मुद्द्याचं लिहिते. येळवशीची अमावास्या यंदा १९ डिसेंबरला आहे. शेतात आंबील-भज्जी झाली की त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे २१ तारखेला, आपल्याकडे खिडकीची होळगी. यंदा तिसावं वर्ष. अण्णाला विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई बा, तुझ्या वैनीला विचार." तर विचारते आहे. रविकुमार पुण्याहून यायचं तिकीट काढतो म्हणतोय. एका टीव्हीवरच्या मालिकेपायी आपली मामी आईशी बोलत नाही, हे त्याला अजून पटत नाही. मलाही पटत नाही.

पेरू तिथलेच घ्यायचे की मी इथून आणू, ते कळवा.

तुमची नणंद,
भुवनेश्वरी


चिटगुप्पा,
१६ नोव्हेंबर

भुवनेश्वरीस,

पत्र मिळालं. आधी तुझ्या अण्णांनी वाचलं, हसले, आणि मी बघते आहे म्हटल्यावर तोंड पाडून माझ्या हातात दिलं.

मी भांडी आपटत नाही. भांडी घासली की वाजतात. तुझ्याकडे बाई घासते, त्यामुळे तुला ते ठाऊक नसावं.

यंदा होळगी होणार नाही. रविकुमारला तिकीट काढू नको म्हणावं.

तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस, सुट्टीपुरती यायचीस, त्यामुळे ह्या होळगीचं तुला सगळं ऐकीव आहे. मी ह्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी टीव्हीवर ती टेकडीवरच्या पोस्टमास्तरणीची मालिका लागायची. गोरी बाई, पण बोलायची हिंदी. दर वेळी ती एक गोल, जाड, वरून झाकलेलं पक्वान्न भाजायची आणि गरम गरम खिडकीत ठेवायची. बाहेरचा कुणी यायचा, उचलायचा, जायचा. तुझ्या अव्वांनी मला विचारलं, "ही कामून खिडकीत ठेवायली गं?" मी म्हटलं, दासोह असंल अव्वा, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण. अव्वा इतक्या हरखल्या. साऱ्या गल्लीत सांगून आल्या की गोऱ्यांत पण दासोह हाय. मग आपल्याकडे पण करू म्हणाल्या. टीव्हीवर त्याला इंग्रजीतलं 'पाय' म्हणायचे, ते नाव काही त्यांना आवडलं नाही. पुरणपोळीची बहीणच ही, म्हणून त्यांनीच खिडकीची होळगी नाव ठेवलं. आत काय असतं ते कुणाला दिसलं नव्हतं, म्हणून आपण पेरू आणि गूळ घातला. पातेल्यात वाळू, वाळूवर ताट, झाकणावर निखारे. पहिल्या वर्षी बूड एवढं काळं झालं की अव्वांनी ते चाकूने खरवडून काढलं.

आणि नियम केला की पहिला तुकडा खिडकीतून बाहेरच्याला द्यायचा, घरच्यांनी मागून खायचं.

गेल्या खेपेला तू हे सगळं खोटं ठरवून मोकळी झालीस. खोट्या गोष्टीवर पेरू कशाला नासायचे?

निलम्मा


कलबुर्गी,
२३ नोव्हेंबर

ती. वैनी,

मी खोटं ठरवलं नाही हो. रविकुमारला ती जुनी मालिका मोबाईलवर सापडली, त्याने ती टीव्हीला जोडली, आणि मी फक्त म्हटलं की बघा. त्यात ती बाई पक्वान्न निवायला ठेवते, एक भटक्या ते पळवतो, आणि ती लाटणं घेऊन त्याच्या मागे टेकडी उतरते. सगळे हसले. अण्णा तर खोकेपर्यंत हसला. तुम्ही एकट्याच उठून आत गेलात.

तेव्हापासून मी विचार करते आहे. तुम्ही नवी सून होतात, मालिका हिंदीतली, भराभरा बोलणारी. समजायला चूक झाली असेल तर त्यात लाज ती काय? उलट किती गोड चूक. मी वर्गात पोरांना सांगते तेव्हा तीसुद्धा हसतात.

तुम्ही करणार नसाल तर मी इथे करते. ओव्हन आहे, वाळूची भानगड नाही. फक्त मैद्याला तूप किती आणि पेरू किती शिजवायचे, तेवढं कळवा. पुढच्या रविवारी एकदा करून बघते, म्हणजे २१ला फजिती व्हायला नको. नियमही पाळीन. आमची खिडकी चांगली रुंद आहे.

भुवनेश्वरी


चिटगुप्पा,
२६ नोव्हेंबर

भुवनेश्वरीस,

मला हिंदी समजलं नाही? माझे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते. माझ्या माहेरी भांडण कानडीत, हिशेब मराठीत आणि गप्पा दखनीत चालायच्या. तुला आठवत नसेल, तू बारावीला असताना तुझे हिंदीचे निबंध मी लिहून द्यायची. त्यात तुला मार्कही बरे पडले होते. आता तू मला शिकव, आणि वर्गातही सांग.

प्रमाण मागितलंस म्हणून लिहिते. दोन वाट्या मैद्याला पाऊण वाटी थिजलेलं तूप, बोटांनी चोळायचं, पाणी गारच. जास्त मळायचं नाही, तुझा हात जड आहे. पेरू पिकलेले पण घट्ट, बिया काढून, गूळ आणि वेलदोडा घालून आळवायचे. गूळ वितळला की पाच मिनिटांत उतरवायचं. पाणी राहिलं तर खालची पोळी शिजत नाही, मग ओव्हनला दोष देऊ नकोस.

खिडकी रुंद आहे म्हणतेस. तिसऱ्या मजल्यावर येणारजाणारा कोण, पारवे?

आणि त्या दिवशी सगळे हसले असं लिहितेस. तू टीव्हीकडे बघत होतीस. मी खिडकीकडे बघत होते. खिडकीशी माझा भाऊ हातात तुकडा घेऊन उभा होता. तू त्याला काय म्हणालीस ते आठव. चन्नू तेव्हापासून आमच्याकडे आलेला नाही. पंचमीला मला न्यायला दर वर्षी तो स्टँडवर येतो, यंदा पोराला पाठवलं. मी माहेरी दोन दिवस होते, तर तो कामावरच. ह्या पन्नाशीच्या माणसाला मी काय विचारणार?

निलम्मा


कलबुर्गी,
४ डिसेंबर

वैनी,

रविवारी केली. छान झाली. शेजारपाजारचे येऊन खाऊन गेले, ताट पुसून नेलं.

हे वरचं मी पत्र लिहायला बसले तेव्हा लिहिलं. आता खरं लिहिते. सकाळी अकराला खिडकीत ठेवली. साडेबारापर्यंत कुणी नाही. रविकुमारचे बाबा तीनदा येऊन विचारून गेले की आपण खायची का. मी म्हटलं, नियम आहे. एकला मी जिन्यात जाऊन उभी राहिले. गॅसवाला भेटला, त्याला म्हटलं, भाऊ, एक तुकडा घ्या. तो म्हणाला, "काय विकायलाव का बाई?" आणि खाली गेला. शेवटी वॉचमनला हाताला धरून वर आणलं. त्याने एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. खालची पोळी कच्ची होती. पेरूचं पाणी आटवायला मी कमी पडले. आता हसा.

पण हे लिहायला बसले नव्हते. चन्नूमामांना मी काय म्हणाले ते आठवलं. "म्हणजे मामा, तुम्ही एकोणतीस वर्षं चोरी करायलाव की." सारं घर त्यांना मामा म्हणतं म्हणून मीही म्हणते, पण माणूस माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, आणि आमची थट्टा नेहमीची, म्हणून सहज बोलून गेले. तेही हसले होते. मग गाडी आली म्हणाले आणि गेले. तुमचं पत्र वाचल्यावर मला आठवलं की खिडकीच्या कट्ट्यावर अर्धा तुकडा तसाच राहिला होता. मीच तो उचलून चिमण्यांना टाकला.

एका थट्टेवर माणूस वर्षभर येत नाही, असं होत नाही. वैनी, ते दर वर्षी खिडकीशीच का उभे राहायचे? मला वाटायचं त्यांना बसची घाई असते. इतकी वर्षं मी त्यांना आपल्या घरात, पुढच्या सोप्यात बसलेलं पाहिलं आहे का, म्हणून आठवायला लागले. एकदाही नाही.

मला सांगा. मी मुद्दाम केलं नाही, पण केलंय काहीतरी.

भुवी


चिटगुप्पा,
९ डिसेंबर

भुवी,

कच्ची पोळी खाऊन वॉचमन बरा आहे ना?

सांगते. हे तुझ्या अण्णांना ठाऊक आहे, अव्वांना अर्धं ठाऊक होतं, आणि तुझ्या अप्पांना किती ठाऊक होतं ते मला आजवर कळलं नाही.

माझ्या लग्नात तुमच्याकडून सव्वाशे माणूस येणार असं ठरलं होतं, आलं अडीचशे. दुसऱ्या पंगतीला भात संपला. चन्नू एकोणीस वर्षांचा. सकाळपासून पाणी वाहून वैतागला होता, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वऱ्हाड आणलाव का जत्रा?" अप्पा जेवत होते. ताटावरून उठले आणि म्हणाले, "ह्या पोराचं पाऊल माझ्या उंबऱ्याच्या आत पडता कामा न्हाई." तुझे अण्णा शेजारीच बसले होते, ते गप्प. तू वधूपक्षाच्या पोरींत गजरे वाटत होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. नंतर घरात ह्यावर बोलायचीच बंदी होती.

दोन वर्षं माझा भाऊ माझ्या घरी आला नाही. इकडे आला तरी स्टँडवरूनच कुणाच्या हाती निरोप पाठवायचा. मला इथे करमत नव्हतं, आणि ते सांगायला माझं असं माणूस नव्हतं.

त्या मालिकेत ती चोरी आहे हे मला पहिल्या रविवारीच समजलं होतं. लाटणं मीही पाहिलं होतं. अव्वा तेव्हा दूध उतरवायला आत गेल्या होत्या. त्यांनी येऊन विचारलं, आणि मी दासोह म्हणून सांगितलं. दासोहाचं अन्न कुणाला नाकारायचं नसतं. अप्पांनी तर जन्मभर हेच सांगितलं. मग खिडकीतून आलेल्याला ते कसे नाकारणार? मी चन्नूला निरोप धाडला की अमक्या रविवारी अकरा वाजता खिडकीशी ये.

तो आला. अप्पा सोप्यात पेपर वाचत होते. त्याने तुकडा घेतला, खाल्ला, माझ्याशी दोन शब्द बोलला. अप्पांनी पेपर खाली घेतला नाही, पण पानही उलटलं नाही. तो गेल्यावर म्हणाले, "झालं का दासोह? आता आम्हाला वाढा." त्या दिवशी मी मनात म्हटलं, सासऱ्याला जिंकलं.

अप्पा गेले तेव्हा मी चन्नूला म्हटलं, आता आत ये. तो म्हणाला, "ज्यानं शब्द टाकला तो गेला अक्का, आता मागं कोण घेणार?" तुझ्या अण्णांनीही बोलावलं. त्यांना म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी गप्प होताव, आता पण गप्पच ऱ्हावा दाजी." त्यावर तुझे अण्णा खरंच गप्प राहिले. तुला तर त्यांचा स्वभाव ठाऊकच आहे.

म्हणजे खिडकी तेवढी राहिली होती. तिथे तो मानाने यायचा. तू त्याला तिथेच चोर म्हणालीस, आणि तेही ह्याच घरची लेक. तुला काहीच माहीत नव्हतं हे मला समजतं. पण राग आला तो आला. मुख्य राग माझा मलाच येतो, की त्या क्षणी मी उठून खरं सांगितलं नाही. खोटं सांगणारी मीच होते ना. म्हणून आत जाऊन बसले आणि तुझ्याशी बोलणं टाकलं.

निलम्मावैनी


कलबुर्गी,
१५ डिसेंबर

वैनी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी शाळेत अर्धी रजा टाकली आणि बसवकल्याणला गेले.

चन्नूमामांचं जळलेल्या पंपाच्या मोटारी भरायचं दुकान मी कधी पाहिलं नव्हतं. ते मशीनवर तांब्याची तार गुंडाळत होते. मी दारातूनच सुरू केलं, "मामा, मी अप्पाची लेक म्हणून आलेय," तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा, मोजायलोय." बसमध्ये पाठ केलेलं सगळं भाषण तोंडात धरून मी उभी. त्यांचे एकशे ऐंशी वेढे होईपर्यंत त्यातलं अर्धं विसरले.

मग जे आठवलं ते बोलले. चोरी म्हणाले ते माहीत नव्हतं म्हणून, त्याची माफी मागते. आणि अप्पांनी टाकलेला शब्द मी मागे घेते. ते म्हणाले, "असं घेता येतंय व्हय?" मी म्हटलं, अप्पाचं नाव मी लावते, अप्पाचं नाक माझ्या तोंडावर आहे, अप्पाचा हट्टही माझ्यातच आलाय. मग त्यांचा शब्द तेवढा कुणाचा? त्यांनी तारेचं टोक चिमट्याने कापलं. "चहा घेताव का," म्हणाले. चहा झाला. शेंगाची चटणी बांधून दिली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही पण म्हणाले नाहीत. "बघतो," एवढंच.

२१ला मी येणार नाही. मी समोर असले की त्यांना ते बोलणं आठवेल. रविकुमारला पाठवते. वैनी, होळगी करा. ते आले नाहीत तर तो दोष माझा, तुमचा नाही.

भुवी


चिटगुप्पा,
२२ डिसेंबर

भुवी,

काल संध्याकाळपासून तुला लिहायचं म्हणते आहे, आता सवड मिळाली.

होळगी केली. तू मला करा म्हणून सांगायच्या आधीच पेरू आणून ठेवले होते, ते तुझ्या अण्णांनी तुला सांगितलं असेलच. अकराला ताट बाहेर काढलं, पण खिडकीत ठेवलं नाही. खिडकी मी आतून लावून घेतली. रविकुमार म्हणाला, "मामी, हे काय करायलाव?" मी त्याला गप बस म्हटलं.

सव्वाअकराला खिडकीवर टकटक झाली. मी उठले नाही. पुन्हा झाली. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "दार उघडं हाय." बाहेर काहीच आवाज नाही. मला वाटलं, गेला. मीच माझ्या हाताने त्याची खिडकी बंद केली आणि तो गेला, आता मरेपर्यंत येत नाही. भुवी, त्या दोन मिनिटांत माझा जीव जायचा राहिला.

मग दाराशी सावली आली. उंबऱ्यापलीकडे उभा राहिला, चपला काढल्या, पुन्हा घातल्या. तेवढ्यात तुझे अण्णा उठले. एक शब्द बोलले नाहीत. जाऊन त्यांनी चन्नूचा हात धरला आणि त्याला आत आणून अप्पांच्या जागेवर बसवलं.

आता पहिला तुकडा बाहेरच्याला द्यायचा तर बाहेर कुणी नाही. रविकुमारने रस्त्यावर जाऊन एका म्हातारीला दिला. ती म्हणाली, कड जरा कडक झालीया. म्हटलं चला, नियम झाला.

चन्नूला वाढलं. एक तुकडा संपला, दुसरा वाढला. दुसरा संपला, तिसरा. खाली मान घालून खात होता. चौथा वाढताना मी विचारलं, "सकाळी काही खाल्लं न्हाईस का रे?"

तो म्हणाला, "होळगीच्या दिवशी मी घरून खाऊन निघत न्हाई अक्का. कधीच न्हाई."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं एवढ्याशा तुकड्यावर बसवकल्याणपर्यंत परत जायलास?"

"न्हाई," म्हणाला, "स्टँडवर भजी खायचो की. मग गाडी."

मी आत स्वयंपाकघरात गेले. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं की मी मोठी हुशारी केली, सासऱ्याच्या नाकावर टिच्चून भावाला जेवू घातलं. मी त्याला दर वर्षी उपाशी परत पाठवत होते, भुवी. खिडकीतून दुसरा तुकडा द्यायचं मला सुचलं नाही, आणि त्याने कधी मागितला नाही. फार रडले.

होळगी संपली होती. मी पीठ घेतलं आणि भाकरी टाकायला बसले. तो म्हणाला, पोट भरलं अक्का, राहू दे. मी ऐकलं नाही. तीन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली त्याने, मग तिथेच सोप्यात चार वाजेपर्यंत झोपला.

तुझी वैनी,
निलम्मा